सीमाभागातल्या कानांसाठी: स्वतः लिहून गाणारे गायक आणि बँड

निपाणीचा एक तरुण रोज बसने कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो. जाता-येता कानात इअरफोन असतात. त्याने विचारलंय: "दादा, सिनेमातली गाणी आणि रीलमधले तुकडे ऐकून कंटाळा आला. कोल्हापूरचे मित्र इंग्रजी बँडची नावं सांगतात, हुबळीचे कन्नड गाणी पाठवतात. इंग्रजी गाण्यातलं मला निम्मंही कळत नाही आणि कन्नड शाळेत होतं तेवढंच. प्रतीक कुहाड तेवढा ठाऊक आहे. स्वतः लिहून स्वतः गाणारे आणखी कोण चांगले? आणि लाइव्ह ऐकायचं तर जायचं कुठे?"

मी बेळगावच्या टिळकवाडीत गिटार शिकवतो आणि कार्यक्रमांच्या हंगामात साऊंड सांभाळतो. भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा, कॉलेजचा रॉक बँड, सगळ्यांचे माइक मी लावलेत. त्यामुळे प्रश्न आवडीचा विषय निघाला. थोडं लांबेल, पण सवडीने वाच.

आधी भाषेचं बोलू. निम्मं कळत नाही म्हणून तू थांबला असशील तर थांबू नकोस. आपल्याकडचं पोर घरात मराठी बोलतं, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी ऐकतं. खडेबाजारातला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करतो आणि त्याच दमात दुसऱ्याला कन्नडमधून सुट्टे मागतो. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची गाणी चौंडकं या एकतारी वाद्यावर मराठीतही चालतात आणि कन्नडमध्येही, आणि ऐकणारा कुठल्याही गावचा असला तरी उठून जात नाही. शब्द पुरता कळायच्या आधी गाणाऱ्याचा भाव पकडायची सवय आपल्या कानाला लहानपणीच लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. म्हणून मी खाली जी नावं सांगतोय ती मुद्दाम अनेक भाषांतली आहेत. भाषा बघून वगळू नकोस, एवढी एकच अट.

सुरुवात इंडियन ओशनपासून कर. दिल्लीचा बँड, १९९० चा. त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम २००० साली आला आणि त्याचं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवर बेतलंय. भाषा अरामाईक-सीरियाक. देशातल्या बहुतेक श्रोत्यांना त्यातला एक शब्द कळत नाही, तरीही मैफलीत लोक सगळ्यात आधी त्याचीच फर्माईश करतात. मी शिकवणीत नवीन मुलांना हेच गाणं आधी लावतो आणि विचारतो, हा माणूस काय मागतोय? दहातली आठ पोरं म्हणतात, देवाची करुणा भाकतोय. बरोबर ओळखतात.

त्यात असीम चक्रवर्ती यांचा आवाज आहे. ते बैठक मारून तबला वाजवत आणि वाजवता वाजवता गात. ही गोष्ट माइक लावणाऱ्यालाच कळते की किती अवघड आहे. हात तालात गुंतलेला असताना आवाज तालावर आदळायला लागतो, श्वास तोडून घ्यावा लागतो. असीमदांचा आवाज तालाच्या वरून संथ तरंगत राहतो, जणू वाजवणारा दुसराच कोणी आहे. २००९ च्या डिसेंबरात ते गेले. बँड आजही चालू आहे, पण 'कंदिसा' आणि २००३ चा 'झीनी' हे दोन अल्बम त्यांच्या आवाजातच ऐकायचे. 'झीनी'चं शीर्षकगीत कबीराच्या पदावर आहे. बास गिटारवर राहुल राम. हा माणूस नर्मदा आंदोलनात होता आणि 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं तिथूनच बँडमध्ये आलं.

कबीर म्हटल्यावर आपल्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. क्षयाच्या आजारात ते देवासला गेले, अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकत राहिले, आणि नंतर कबीराची निर्गुणी भजनं अशी गायले की त्यांच्या आधी ती तशी कोणी गायली नव्हती. त्यांनी बंदिशीही स्वतः बांधल्या. तू मागतोयस त्या यादीत शास्त्रीय गायकाचं नाव बसत नाही असं कोणी म्हणेल, पण मी त्यांना बसवतो. इंडियन ओशन ऐकून झालं की त्याच रात्री कुमारांचं एक निर्गुणी भजन ऐक. मधलं अंतर तुझं तुला कमी झालेलं जाणवेल.

आता कन्नड, कारण तुझ्या हुबळीच्या मित्रांनी पाठवलेलं तू बहुतेक न ऐकता ठेवलं असशील. रघू दीक्षित. जन्म नाशिकचा, वाढला म्हैसूरला. २००८ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. त्यात 'गुडुगुडिया सेदि नोडो' हे संत शिशुनाळ शरीफांचं पद आहे. शरीफ १८१९ चे, हावेरी जिल्ह्यातल्या शिशुविनाळचे. मुसलमान घरात जन्मले आणि गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूंचे शिष्य झाले. पद हुक्क्याचं आहे: गुडगुडी ओढून बघ आणि शरीरात बसलेला रोग बाहेर टाक. तू निपाणीचा आहेस. ज्या गावाची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली, तिथल्या माणसाला हे पद कोणी समजावून सांगायला नको. शरीफांच्या पदांची हीच ताकद आहे. बोलणं हुक्क्याचं, छपराचं, कोंबडीचं, आणि रोख आतल्या माणसावर.

रघूने ते जसं गायलंय ते लक्ष देऊन ऐक. गिटार सरळ खाली-वर वाजते, त्यात कसरत नाही. सगळा जोर आवाजाच्या फेकीवर आणि मागच्या कोरसवर आहे. बुवा एक ओळ म्हणतो, टाळकरी उचलतात, परत बुवा वर चढतो. खानापूरच्या कुठल्याही गावात एकादशीच्या रात्री जे चालतं तेच इथे ड्रम आणि व्हायोलिन घेऊन चाललंय. म्हणून आपल्याकडच्या माणसाला ते परकं वाटत नाही. २०१३ च्या 'जग चंगा' अल्बममध्ये त्याने शरीफांचंच 'लोकद काळजी' घेतलंय, तेही ऐक. आणि मग जमलं तर सी. अश्वथ यांच्या आवाजातली शरीफांची पदं शोध. रघूच्या आधीची पिढी ती ऐकूनच वाढली.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण 'सिंगर-साँगरायटर' हा काहीतरी परदेशातून आलेला प्रकार आहे असं कॉलेजची मुलं धरून चालतात. स्वतः रचायचं, स्वतः गायचं आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं किंवा आपल्या दैवताचं नाव घालायचं, हे आपल्या मातीत शेकडो वर्षं चालत आलंय. 'तुका म्हणे' घे, 'नामा म्हणे' घे. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव येतो, शरीफांच्या पदात शिशुनाळाधीश. वाळव्याकडच्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावणीत स्वतःचं नाव गुंफायचे. आणि अगदी अलीकडचं पाहायचं तर वामनदादा कर्डक. १९२२ साली सिन्नरजवळ देशवंडीला जन्म, २००४ साली निधन. आंबेडकरी चळवळीची हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव, वस्त्यावस्त्यांवर स्वतः उभं राहून गायली. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतोच. माझ्या मते मराठीतला सगळ्यात मोठा लिहून गाणारा माणूस हाच. वामनदादांची जुनी रेकॉर्डिंग आवाजाच्या दर्जाने खरखरीत आहेत. त्या खरखरीची सवय करून घे, कारण शब्द आरपार जातात.

शरीफ आवडले तर स्वरात्मा हा बँड लगेच घे. बंगळूरचा, आणि त्यातला वासू दीक्षित हा रघूचा धाकटा भाऊ. २००९ चा पहिला अल्बम आणि २०१२ चा 'टोपीवाले'. पहिल्या अल्बममधलं 'प्यासी' कावेरीच्या पाणीतंट्यावर आहे. दोन राज्यं भांडतायत आणि बोलतेय नदी. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, म्हादईचं पाणी त्याच डोंगरात आहे, आणि त्यावरून कर्नाटक-गोव्यात काय चाललंय ते आपण रोज पेपरात वाचतो. त्यामुळे हे गाणं बंगळूरच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त लागतं असं माझं मत आहे. घोषणा न देता राजकारणावर गाणं कसं लिहायचं, हे शिकायचं असेल तर ते इथे शिकावं. त्यांचे कार्यक्रम बघण्यासारखे असतात. वासू कमरेला कापडी घोडा बांधून नाचत गातो.

बंगळूरचाच परवाझ. हे उर्दू आणि काश्मिरीत गातात, गायक खालिद अहमद मूळचा काश्मीरचा. २०१४ चा 'बरान' अल्बम. गाणी लांबलचक, हळूहळू चढत जाणारी. घाईत असशील तर ऐकू नकोस.

मराठीत आज काय आहे, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. संदीप खरे तुला माहीत असतीलच. २००३ पासून सलील कुलकर्ण्यांबरोबर 'आयुष्यावर बोलू काही' करतायत आणि कवितेसाठी तिकीट काढायला मराठी माणसाला त्यांनी शिकवलं. मला त्यांची एकट्याने, कमी वाद्यांवर म्हटलेली गाणी जास्त भावतात. वाद्यं वाढली की त्यांचा बोलण्यासारखा सूर मागे पडतो. मुंबईचा अभंग रिपोस्ट तुकोबा-नामदेवांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि बासवर गातो. घरात वडील आणि तू एकत्र बसून ऐकू शकाल असा हा एकच बँड मी या यादीत देतोय. २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' लिहून गाणारा जळगावकडचा संजू राठोड आणि त्याच वर्षीची 'तांबडी चामडी' यांनी मराठी शब्द नाचाच्या मजल्यावर नेले. लग्नाच्या वरातीत दोन्ही वाजवून वाजवून माझ्या स्पीकरलाही ती पाठ झालीत. नाचायला उत्तम आहेत, पण तू जे शोधतोयस ते वेगळं आहे.

ते तुला स्वदेशी या मुंबईच्या गटात सापडेल. रॅप आहे म्हणून नाक मुरडू नकोस. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली असे वेगवेगळ्या भाषांचे गडी एका गाण्यात येतात. २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' आरे जंगलातल्या आदिवासींवर आहे आणि त्यात तिथलेच प्रकाश भोईर गायलेत. वारली सूर आणि मराठी रॅप आमनेसामने ठेवलेत, कोणी कोणाच्या मागे लपलेलं नाही. मिक्सिंगच्या दृष्टीनेही हे गाणं मी मुलांना ऐकवतो: लोकगायकाचा आवाज कुठेही चकचकीत केलेला नाही, त्याचा खडबडीतपणा तसाच ठेवलाय.

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथला रेमो फर्नांडिस तू 'हम्मा हम्मा'मुळे ऐकला असशील. पण त्याआधीचा रेमो वेगळा. १९८४ साली त्याने शिओलीतल्या घरी चार ट्रॅकच्या साध्या रेकॉर्डरवर 'गोअन क्रेझी' नावाचा अल्बम एकट्याने रेकॉर्ड केला. गायला तोच, वाद्यं वाजवली त्यानेच, कॅसेटचं कव्हरही त्याचंच, आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेट पोचवायलाही तोच जायचा. मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर गाणी काढण्याला आज इंडी म्हणतात, ते शंभर किलोमीटरवर, आपल्या शेजारी, चाळीस वर्षांपूर्वी झालं. गाणी गोव्यातल्या माणसांवर, पर्यटकांवर, पुढाऱ्यांवर. इंग्रजी सोपं आहे, गोवेकर बोलतात तसंच.

आता तुझा प्रतीक कुहाड. जयपूरचा मुलगा, २०१५ चा 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा त्याचा अल्बम नीट ऐकला नसशील तर ऐक. त्याच्या पलीकडे कोण, याचं माझं उत्तर बिपुल छेत्री. कालिम्पोंगचा, नेपाळीत गातो. २०१४ चा 'स्केचेस ऑफ दार्जिलिंग' घे आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत जाऊ दे. कुहाड बहुतेक एका मुलीशी बोलत असतो. छेत्री गावाशी बोलतो, पावसाशी, उतारावरच्या वाटेशी, गेलेल्या माणसांशी. नेपाळी बरीचशी कळते सुद्धा, असार म्हणजे आषाढ हे सांगावं लागत नाही. त्याची गिटार मी शिकवणीत दुसऱ्या वर्षाला देतो. बोटं सोपी आहेत, लय अवघड आहे, कारण तो घाई करत नाही आणि आपली पोरं करतात.

त्याच्या पाठोपाठ तबा चाके. अरुणाचलचा, न्यिशी समाजातला; न्यिशी, आसामी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत गातो. 'बॉम्बे ड्रीम्स' हा अल्बम २०१९ चा. उजव्या हाताची बोटं तो अशी चालवतो की एकाच गिटारीतून बास, सूर आणि ठेका तिन्ही येतात. व्हिडिओ बघताना त्याच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, हाताकडे बघ.

थोडक्यात आणखी काही. पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज, इंग्रजीत, फार मऊ, रविवारच्या सकाळचा. कोचीचा व्हेन चाय मेट टोस्ट, बँजो घेऊन आनंदाने गाणारा; मन उदास असेल तेव्हा मला चालत नाही, एरवी चालतो. द लोकल ट्रेन, हिंदी रॉक, 'आलस का पेड' २०१५ आणि 'वाकिफ' २०१८. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, २०१९ चा 'बिस्मिल्लाह', जुन्या लग्नाच्या बँडसारखी ब्रास वाद्यं आणि वर जड, झोपाळू आवाज. पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण सोडू नकोस. त्याच गायकाचा लिफाफा हा हिंदी प्रकल्पही आहे. आणि या सगळ्यांच्या आधी कोलकात्याचा मोहिनेर घोडागुली, १९७५ चा, बाउल हे बंगालचं लोकसंगीत आणि गिटार यांची पहिली खरी गाठ मारणारा.

परदेशी नावं मोजकीच देतो, कारण तुझे कोल्हापूरचे मित्र ती कमतरता भरून काढतील.

ट्रेसी चॅपमन पहिली. इंग्रजी कमी कळणाऱ्याने तिच्यापासूनच सुरू करावं, शब्द इतके स्वच्छ उच्चारते. १९८८ च्या जूनमध्ये लंडनला वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. स्टीव्ही वंडर यांच्या यंत्राची हार्ड डिस्क सापडेना, ते ठरल्या वेळी गाऊ शकले नाहीत, तेव्हा आयोजकांनी आधीच गाऊन गेलेल्या या मुलीला पुन्हा पाठवलं. एक गिटार, एक माइक. तिने 'फास्ट कार' म्हटलं आणि जग तिला ओळखायला लागलं. त्याचं चित्रण मिळतं. साऊंडवाला म्हणून मी ते बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. एवढ्या मोठ्या स्टेडियमात मागे लपायला एकही वाद्य नाही, आणि ती आवाज वाढवत नाही. गाणं कामावर जाणाऱ्या, गाव सोडायचं स्वप्न बघणाऱ्या मुलीचं आहे. तुला कळेल.

निक ड्रेक. इंग्लंडचा, १९७४ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. 'पिंक मून' हा त्याचा १९७२ चा शेवटचा अल्बम दोन रात्रींत रेकॉर्ड झाला. पूर्ण अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. फक्त गिटार आणि आवाज, शीर्षकगीतात थोडासा पियानो, बाकी काही नाही. त्याची गिटार आपल्या गिटारीसारखी का वाजत नाही, असं विद्यार्थी विचारतात. तो तारा वेगळ्या सुरांत लावायचा. 'पिंक मून'ला सगळ्यात जाड तार नेहमीच्या ई या सुरावरून उतरवून सी या सुरापर्यंत आणलीय. तार सैल झाली की तिचा आवाज खोल आणि जरा लोंबता होतो. त्यावर अंगठा एका ठरलेल्या चालीने खाली फिरत राहतो, बाकीची बोटं वर दुसरंच काही बोलतात, आणि आवाज त्या दोघांच्या मधून, किंचित मागे राहून चालतो. पहिल्यांदा फक्त अंगठा ऐक. दुसऱ्यांदा फक्त वरची बोटं. तिसऱ्यांदा आवाज. मग चौथ्यांदा सगळं सोडून दे आणि नुसतं ऐक. एका गाण्यावर असा तासभर गेला तर तो वाया जात नाही.

आणि टिनारिवेन. सहाराच्या वाळवंटातले तुआरेग लोक, भाषा तमाशेक. १९७९ च्या सुमारास निर्वासित तरुणांनी सुरू केलेला बँड. त्यांच्या इब्राहिम अग अलहबीबने लहानपणी पहिली गिटार पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून केली होती. त्यांच्या वाळवंटावरून माली, अल्जेरिया, नायजर, लिबिया अशा देशांच्या रेषा गेल्या, आणि एकाच भाषेची माणसं वेगवेगळ्या बाजूंना राहिली. याहून जास्त मी सांगायची गरज नाही, तू निपाणीत राहतोस. २०११ चा 'तस्सिली' ऐक, त्याला ग्रॅमीही मिळाला. एक तार सतत घुमते, टाळ्या पडतात, एकजण म्हणतो आणि बाकीचे झेलतात. आमच्या शिकवणीत येणारा, चौंडकं वाजवणाऱ्या घरातला एक मुलगा हे ऐकून म्हणाला, "सर, हे आमच्याकडचंच हाय की." त्याने त्यातला ठेका दोन मिनिटांत हातावर धरला, जो गिटारवाल्या मुलांना आठवडाभर जमत नव्हता.

आता ऐकायचं कसं, कारण बसमधल्या इअरफोनवर हे सगळं सारखं पोचत नाही. बसच्या इंजिनाची घरघर खालच्या सुरांत असते. ती बास आणि गिटारीचा अंगठा खाऊन टाकते. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, वरचे सूर टोचायला लागतात आणि कान दुखतात. म्हणून वाटणी करून टाक. बससाठी स्वरात्मा, लोकल ट्रेन, टिनारिवेन, रघू दीक्षित, स्वदेशी. ही ठेक्याची आणि भरलेल्या आवाजाची गाणी आहेत, आवाज मध्यम ठेवूनही पोचतात. घरी रात्री दार लावून निक ड्रेक, बिपुल छेत्री, कुमार गंधर्व, परवाझ. महागडे हेडफोन लागत नाहीत. कानात नीट बसणारे, रबरी टोप असलेले साधे वायरवाले इअरफोन पुरतात. टोप कानाच्या मापाचा असला की बाहेरचा आवाज आपोआप अडतो, हे लोक लक्षातच घेत नाहीत आणि हजारोंचे हेडफोन घेतात.

दुसरं, शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजणं, बंद कर. या लोकांनी गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो. रीलची सवय लागलेला कान पहिल्या काही सेकंदांत पकड मागतो. 'बरान' किंवा 'झीनी' ती देत नाही. एक अल्बम आठवडाभर चालू दे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधलंच कुठलंतरी गाणं, ज्याच्याकडे तू लक्ष दिलं नव्हतंस, ते डोक्यात वाजायला लागेल. मी माझ्या मुलांना सांगतो की ज्या गायकाचं हे मधलं गाणं पकडतं तो आपला. ज्याचं फक्त प्रसिद्ध गाणं आवडतं, त्याला दुरून नमस्कार करून पुढे जावं.

लाइव्हचं म्हणशील तर आपण मोक्याच्या जागी आहोत, फक्त कुणी बघत नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी बंगळूर, आणि वर सांगितलेले रघू दीक्षित, स्वरात्मा आणि परवाझ तिथलेच. पुण्याला २०१० पासून एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव सुरू झाला, त्याने आपल्या पिढीला एका मैदानात पाच-पाच स्टेज दाखवली. गोव्यात हिवाळ्यात लहान जागांवर बरंच काही चालतं. तारखा आणि जागा बदलत राहतात, म्हणून त्या त्या बँडच्या स्वतःच्या पानावरच बघ, फॉरवर्डवर विश्वास ठेवू नकोस. पैसे जमेपर्यंत जवळचं ऐक: पौर्णिमेला सौंदत्ती, मिरजेला मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा, खानापूरकडच्या भजन स्पर्धा. तिथेही एक माणूस, एक वाद्य आणि समोर बसलेले लोक एवढंच असतं, आणि तिथे कान तयार झाला की मोठ्या स्टेजवरचा खोटेपणा लगेच ओळखू येतो.

आणि तिकीट काढून गेलास की स्टेजला चिकटून उभा राहू नकोस. तिथे मुख्य स्पीकर तुझ्या डोक्यावरून पुढे फेकत असतात. तुला ड्रम, मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेले स्पीकर) आणि गिटारचा ॲम्प एवढंच ऐकू येईल, गायकाचा शब्द हरवेल. मैदानात मध्यभागी सगळे आवाज जुळवणारा मिक्सर असतो, त्याच्या शेजारी उभा राहा. मिक्सरवाला जे ऐकतो तेच तुला ऐकू येईल. कापूस किंवा इअरप्लग खिशात असू दे. आणि कार्यक्रम संपल्यावर बाजूच्या टेबलावर बँडची सीडी किंवा टी-शर्ट असला तर एखादा घे. ऑनलाइन ऐकण्यातून या लोकांच्या हातात फार थोडं पडतं, टेबलावरचा पैसा थेट त्यांच्या गाडीच्या डिझेलला जातो.

'कंदिसा' आजच लाव. आणि कुठलं मधलं गाणं डोक्यात बसलं ते मला कळव, त्यावरून पुढची नावं सांगतो.